दीर्घिकांचा शेजार : एका खगोलशास्त्रीय विचाराचा इतिहास

प्रास्ताविक

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण मराठी घरांत मुलांच्या संगतीविषयी बोलताना हमखास निघते. उर्दूत हाच प्रश्न फितरत आणि सोहबत या दोन शब्दांत मांडला जातो. माणूस घडतो तो उपजत स्वभावाने की संगतीने, हा वाद शिक्षणशास्त्राच्या प्रत्येक वर्गात होतो. खगोलशास्त्रात हाच वाद गेली सुमारे शंभर वर्षे दीर्घिकांच्या संदर्भात चालू आहे. काही दीर्घिका निळसर, चपट्या आणि सर्पिल असतात व त्यांत नवे तारे जन्मत राहतात. काही तांबूस, गोलसर असतात व त्यांत तारेनिर्मिती जवळजवळ थांबलेली असते. हा फरक जन्मापासूनचा, की त्या ज्या शेजारात राहिल्या त्याचा परिणाम? या प्रश्नाचे उत्तर टप्प्याटप्प्याने कसे मिळत गेले, त्यात इराण, युरोप आणि अमेरिकेबरोबर हैदराबाद व पुणे यांचा वाटा काय, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

दोन शब्दांचा खुलासा आरंभीच करणे सोयीचे ठरेल. उर्दूतील ‘कहकशां’ हा शब्द फारसीतून आला. ‘काह’ म्हणजे गवताची काडी, भुसा. ‘कशां’ म्हणजे ओढणारा. भुशाची गाडी ओढत नेताना वाटेवर सांडलेल्या काड्यांसारखा दिसणारा पट्टा, अशी ती कल्पना आहे. मराठी विज्ञानलेखनात रूढ झालेला ‘दीर्घिका’ हा शब्द संस्कृत असून त्याचा जुना अर्थ लांबट तळे किंवा पुष्करिणी असा आहे. भुसा आणि तळे या दोन्ही प्रतिमा पुढील विवेचनात उपयोगी पडतील.

सूफीचा ढग

आपल्या आकाशगंगेबाहेरच्या एखाद्या मोठ्या दीर्घिकेची सर्वांत जुनी निश्चित लेखी नोंद इ. स. ९६४ च्या सुमारास पूर्ण झालेल्या एका अरबी ग्रंथात आढळते. रय येथे ९०३ मध्ये जन्मलेले अब्दुर्रहमान अस्-सूफी हे बुवैही सुलतान अझुदुद्दौला याच्या आश्रयाने काम करीत. टॉलेमीच्या तारकायादीतील प्रत्येक तारा स्वतः पाहून त्याची तेजस्विता पुन्हा ठरवणे हे त्यांच्या ‘किताब सुवर अल्-कवाकिब’ या ग्रंथाचे मुख्य कार्य. देवयानी या तारकासमूहाचे वर्णन करताना त्यांनी मोठ्या माशाच्या तोंडापाशी ढगासारखा एक डाग असल्याची नोंद केली. हीच आजची देवयानी दीर्घिका. तेराव्या शतकात नसीरुद्दीन तूसी यांनी हा ग्रंथ फारसीत आणला.

या नोंदीचे मोल नेमके समजून घेतले पाहिजे. तो डाग म्हणजे अब्जावधी ताऱ्यांची स्वतंत्र वस्ती आहे, असे सूफींनी म्हटलेले नाही. तसे म्हणण्याचे साधन दहाव्या शतकात कोणापाशीच नव्हते. त्यांचे श्रेय वेगळे आहे. टॉलेमीच्या यादीत नसलेली आणि ताऱ्यासारखी न दिसणारी वस्तू त्यांनी वगळली नाही. जशी दिसली तशी लिहून ठेवली. निरीक्षकाचा हा प्रामाणिकपणा पुढील इतिहासात वारंवार उपयोगी पडला.

ढगांची गर्दी

दुर्बिणीच्या शोधानंतर असे धूसर डाग मोठ्या संख्येने सापडू लागले. फ्रान्समधील शार्ल मेसिए यांनी १७८१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीत त्यांपैकी बरेच डाग कन्या आणि अरुंधती केश या भागांत दाटलेले आहेत, हे तेव्हाच लक्षात आले होते. म्हणजे या वस्तू आकाशात सारख्या विखुरलेल्या नाहीत, त्यांच्याही वस्त्या आहेत. आयर्लंडमध्ये लॉर्ड रॉस यांनी १८४५ मध्ये आपल्या प्रचंड दुर्बिणीतून एम-५१ या डागाचे चित्र रेखाटले. त्यात भोवऱ्यासारखे फाटे आणि एका फाट्याच्या टोकाशी दुसरा लहान डाग दिसत होता. हा शेजारी तेथे योगायोगाने आहे की भोवऱ्याशी त्याचा काही संबंध आहे, याचे उत्तर मिळण्यास सव्वाशे वर्षे जावी लागली.

१९२३ मध्ये एडविन हबल यांना देवयानीच्या डागात एक रूपविकारी तारा सापडला. त्यावरून अंतर काढता आले आणि सूफींचा ढग आकाशगंगेच्या फार बाहेर असल्याचे सिद्ध झाले. आजच्या मोजणीनुसार ते अंतर सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे आहे. १९२६ मध्ये हबल यांनी दीर्घिकांचे आकारावरून वर्गीकरण केले : लंबवर्तुळाकार, सर्पिल आणि अनियमित. या दोहोंच्या मधली भिंगाकार दीर्घिका त्यांनी पुढे १९३६ च्या आराखड्यात घातली. या वर्गीकरणात दीर्घिका एकेकटी पाहिलेली आहे. तिच्याभोवती कोण आहे याला तेथे जागा नाही. परंतु १९३१ मध्ये हबल आणि मिल्टन ह्यूमसन यांनी एक निरीक्षण नोंदवले होते. दाट समूहांत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचे प्रमाण जास्त असते आणि एकांतातील दीर्घिका बहुतांशी सर्पिल असतात. शेजाराचा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे उभा राहिला.

तारे घडतात कशाने?

हा प्रश्न समजण्यासाठी तारेनिर्मितीची प्रक्रिया थोडक्यात पाहिली पाहिजे. तारे थंड वायूपासून बनतात. दीर्घिकेच्या तबकडीतील हायड्रोजन वायूचे ढग स्वतःच्या गुरुत्वाकर्षणाने आकसतात आणि त्यांतून तारे जन्मतात. त्यांपैकी जड तारे निळे व अतितेजस्वी असतात, पण काही कोटी वर्षांतच संपतात. हलके, तांबूस तारे अब्जावधी वर्षे टिकतात. म्हणून दीर्घिका निळी दिसणे ही तिच्यात आजही तारे जन्मत असल्याची खूण. नव्या ताऱ्यांचा जन्म थांबला की निळे तारे आधी विझतात आणि दीर्घिका तांबूस होत जाते. म्हणीतल्या पवळ्याला वाण लागला नाही, गुण तेवढा लागला. दीर्घिकेच्या बाबतीत मात्र गुण बदलला की वाणही बदलतो. याच कारणाने खगोलशास्त्रज्ञांना केवळ रंग मोजून संगतीचा परिणाम तपासता आला.

आपल्या आकाशगंगेत वर्षाकाठी सूर्याच्या साधारण एक ते दोन पट वस्तुमानाचे नवे तारे बनतात. हा खर्च चालू राहायचा तर वायूची आवक चालू राहिली पाहिजे. तळ्याला झरे हवेत. नाहीतर ते आटते. शेजाराचा परिणाम दोन वाटांनी होऊ शकतो. एक, तळ्यातले पाणी ढवळले जाते किंवा उपसले जाते. दोन, झऱ्यांचे तोंड बुजते. विसाव्या शतकातील संशोधनाने या दोन्ही वाटा शोधून काढल्या.

टकरींचा हिशोब : लुंड ते हैदराबाद

शेजाराचा सर्वांत ठळक परिणाम म्हणजे टक्कर. तारे आणि दीर्घिका यांच्यात येथे मोठा फरक आहे. सूर्याचा व्यास सुमारे १४ लाख किलोमीटर आणि सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर. म्हणजे दोन ताऱ्यांमधील अंतर ताऱ्याच्या व्यासाच्या जवळपास तीन कोटी पट भरते. ताऱ्यांची टक्कर जवळजवळ अशक्य. आकाशगंगेचा व्यास मात्र सुमारे एक लाख प्रकाशवर्षे आणि देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर; म्हणजे अंतर व्यासाच्या अवघे २५ पट. दाट समूहांत ते याहूनही कमी. दीर्घिका एकमेकींवर आदळतात, एकमेकींतून आरपार जातात आणि त्या वेळी त्यांतले तारे एकमेकांना स्पर्शही करीत नाहीत.

मग परिणाम काय होतो? स्वीडनमधील लुंड येथे एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये त्याचे उत्तर विजेच्या दिव्यांनी शोधले. प्रकाशाची तीव्रता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, गुरुत्वाकर्षणही तसेच घटते. म्हणून त्यांनी प्रत्येक दीर्घिकेसाठी ३७, असे एकूण ७४ दिवे मांडले, प्रत्येक जागी पडणारा प्रकाश मोजून तो गुरुत्वाकर्षणाच्या जागी धरला आणि दिवे त्याप्रमाणे सरकवत नेले. जवळून जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींचे आकार ओढून विकृत करतात, असे त्यातून दिसले. १९५१ मध्ये लायमन स्पिट्झर आणि वॉल्टर बाडे यांनी पुढचा मुद्दा मांडला. तारे आरपार निघून जातील, परंतु वायूचे ढग एकमेकांवर आदळून मागेच राहतील. दाट समूहांतील वायुहीन दीर्घिका अशाच बनल्या असाव्यात.

यानंतरचा एक महत्त्वाचा दुवा हैदराबादचा आहे. नवाब झफरजंग या खगोलप्रेमी सरदाराने १९०१ मध्ये निजामाच्या परवानगीने वेधशाळा उभारण्याचे काम हाती घेतले. त्यांच्या निधनानंतर १९०८ मध्ये ती निजाम सरकारकडे आली आणि निजामिया वेधशाळा म्हणून ओळखली जाऊ लागली. संपूर्ण आकाशातील ताऱ्यांची छायाचित्रे घेऊन त्यांची यादी करण्याच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात तिला आकाशाचा एक पट्टा नेमून मिळाला आणि लाखो ताऱ्यांची स्थाने येथे मोजली गेली. १९१९ मध्ये ही वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाकडे सोपवण्यात आली. उर्दूतून उच्च शिक्षण देणारे हे विद्यापीठ नुकतेच, १९१८ मध्ये, सुरू झाले होते. त्या काळी मराठवाडा निजामाच्या राज्यात असल्याने तेथील अनेक मराठीभाषक विद्यार्थ्यांनाही उच्च शिक्षणासाठी तेच विद्यापीठ होते.

या परंपरेत सालेह मुहम्मद अलादीन यांचे काम येते. शिकागो विद्यापीठातून पीएच. डी. मिळवून ते उस्मानियात अध्यापन व संशोधन करू लागले. १९६५ मध्ये ‘अॅस्ट्रोफिजिकल जर्नल’ या अमेरिकी नियतकालिकात त्यांचा दीर्घिकांच्या टकरींच्या गतिशास्त्रावरील निबंध प्रसिद्ध झाला. त्यामागील कल्पना साध्या शब्दांत अशी सांगता येते. एक दीर्घिका दुसरीतून वेगाने जात असता तिच्यातले तारे त्या अवधीत फारसे हलत नाहीत; त्यांना फक्त एक धक्का बसतो. धक्का सर्वांना सारखा बसत नाही, जवळच्यांना जास्त आणि लांबच्यांना कमी. समुद्राला भरती येते तीही चंद्राच्या ओढीतील अशाच फरकामुळे. या असमान धक्क्यांनी ताऱ्यांची अंतर्गत हालचाल वाढते. त्यासाठी लागणारी ऊर्जा दोन दीर्घिकांच्या परस्परगतीतूनच येते, म्हणून त्या मंदावतात. दूरवरून जाणाऱ्या वस्तूंसाठी अशी रीत आधी वापरली गेली होती. दीर्घिका प्रत्यक्ष एकमेकींत शिरतात तेव्हाचा हिशोब कसा करावा, हे अलादीन यांनी दाखवले.

या हिशोबात वेगाचे महत्त्व फार आहे. वेग दुप्पट झाला तर धक्क्याने मिळणारी ऊर्जा चौथ्या हिश्शावर येते. म्हणजे सावकाश येणारी शेजारीण अधिक परिणाम करते. पुरेशी सावकाश असेल तर दोघींची परस्परगती इतकी घटते की त्या सुटू शकत नाहीत आणि कालांतराने एक होतात. अलादीन आणि त्यांचे सहकारी या विषयावर पुढे बरीच वर्षे काम करीत राहिले. १९८२ मध्ये के. एस. व्ही. एस. नरसिंहन यांच्यासह त्यांनी ‘फिजिक्स रिपोर्ट्स’मध्ये दीर्घिकांमधील गुरुत्वीय परस्परक्रियेचा विस्तृत आढावा लिहिला. २०११ मध्ये अलादीन यांचे निधन झाले.

या विषयाच्या लोकप्रिय इतिहासांत अनेकदा होल्मबर्ग यांच्या दिव्यांवरून थेट १९७२ च्या टूमर बंधूंकडे उडी मारली जाते. मूळचे एस्टोनियाचे अॅलर आणि यूरी टूमर यांनी त्या वर्षी संगणकावर दाखवून दिले की एम-५१ चे ठळक फाटे तिच्या शेजारणीच्या ओढीने निर्माण होऊ शकतात. हस्त नक्षत्राच्या दिशेला दिसणाऱ्या एका जोडीच्या लांब मिशांसारख्या शेपट्यांचाही असाच उलगडा झाला. लॉर्ड रॉस यांच्या चित्रातील लहान डाग तेथे योगायोगाने नव्हता. टूमर बंधूंच्या चित्रांनी विषय जगभर पोहोचवला, हे खरेच. पण चित्रामागचा ऊर्जेचा हिशोब मांडणाऱ्यांत हैदराबादचे नाव आहे, हेही तितकेच खरे.

टकरींचा तारेनिर्मितीशी संबंध १९७८ मध्ये रिचर्ड लार्सन आणि बियाट्रिस टिन्स्ले यांनी जोडला. हॉल्टन आर्प यांनी १९६६ मध्ये विचित्र आकाराच्या ३३८ दीर्घिकांचा चित्रसंग्रह प्रसिद्ध केला होता. त्यातील दीर्घिकांचे रंग सर्वसाधारण दीर्घिकांच्या रंगांशी ताडून पाहिल्यावर दिसले की ज्या एकमेकींशी झुंजत आहेत त्यांत ताऱ्यांच्या जन्माचा अचानक भडका उडालेला आहे. ओढाताणीत वायू केंद्राकडे घसरतो, दाबला जातो आणि थोड्या काळात पुष्कळ तारे बनतात. १९८३ च्या ‘आयरास’ या अवरक्त उपग्रहाने टिपलेल्या अतितेजस्वी दीर्घिका बहुतेक सर्व विलीन होत असलेल्याच निघाल्या. हा भडका मात्र उसन्या पैशांच्या लग्नासारखा असतो. जमवलेला वायू एकदम खर्च होतो आणि मागे बहुधा एक गोलसर, शांत दीर्घिका उरते.

उफणणीचा वारा

दाट समूहांत दीर्घिकांचा वेग सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात असतो. वर सांगितलेल्या नियमाने तेथे विलीनीकरण कमी व्हायला हवे. तरीही तेथेच सर्पिल दीर्घिका सर्वांत कमी आहेत. हा विरोधाभास क्ष-किरणांनी सोडवला.

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्यावरून ‘उहुरू’ हा उपग्रह सोडण्यात आला. स्वाहिली भाषेत उहुरू म्हणजे स्वातंत्र्य. हा शब्द अरबी ‘हुर्’ या धातूवरून आला असून उर्दूतील ‘हुर्रियत’ हा त्याचाच भाऊबंद. या उपग्रहाला दीर्घिकांच्या समूहांतून क्ष-किरण येताना आढळले. त्याचा अर्थ पुढे निश्चित झाला तो असा : दीर्घिकांमधली जागा रिकामी नाही, तेथे कोट्यवधी अंश तापमानाचा विरळ वायू भरलेला आहे.

१९७२ मध्ये जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी यावरून एक साधे गणित केले. अशा वायूतून वेगाने धावणाऱ्या दीर्घिकेला समोरून वारा लागतो. त्याचा दाब वायूच्या घनतेने आणि वेगाच्या वर्गाने वाढतो. खळ्यावर धान्य उफणताना दाणे खाली पडतात आणि भुसा वाऱ्याने उडून जातो. येथेही तारे दाण्यांसारखे जागेवर राहतात आणि वायू भुशासारखा मागे उडतो. टकरीत वेग जास्त असला की परिणाम कमी होतो. वाऱ्यात वेग जास्त असला की परिणाम वाढतो. म्हणून लहान गटांत टक्कर प्रभावी ठरते आणि मोठ्या समूहांत वारा. ‘शेजार’ ही एकच गोष्ट नाही, हे या दोन नियमांवरून लक्षात येते.

हे नुसते गणित राहिले नाही. कन्या समूहाच्या मध्यभागातील सर्पिल दीर्घिकांत हायड्रोजन अपेक्षेहून बराच कमी असल्याचे रेडिओ निरीक्षणांनी दाखवले. दक्षिण आकाशातील ‘इसो १३७-००१’ या दीर्घिकेमागे उडालेल्या वायूची शेपूट दोन लाख प्रकाशवर्षांहून लांब आहे. अशा दीर्घिकांना त्यांच्या लोंबत्या शेपट्यांमुळे ‘जेलीफिश’ म्हणतात. इटलीच्या बियान्का पोज्जान्ती यांच्या गटाने गेल्या दशकात चिलीतील मोठ्या दुर्बिणीने अशा अनेक दीर्घिका तपासल्या. उडून गेलेल्या वायूत, दीर्घिकेच्या बाहेरसुद्धा, नवे तारे जन्मत असल्याचे त्यांना आढळले.

मोजणीचे वर्ष

तर्क आणि उदाहरणे पुष्कळ झाली तरी मोजणीशिवाय निष्कर्ष पक्का होत नाही. १९८० मध्ये अॅलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतील सुमारे सहा हजार दीर्घिकांचे आकार एकेक करून तपासले आणि प्रत्येकीभोवती किती दाटी आहे तेही मोजले. विरळ वस्तीत सर्पिल व अनियमित दीर्घिकांचे प्रमाण सुमारे ८० टक्के होते. सर्वांत दाट भागात ते सुमारे १० टक्क्यांवर आले होते. दाटी जशी वाढते तसा हा बदल क्रमाक्रमाने होतो. हबल आणि ह्यूमसन यांच्या निरीक्षणाला अर्धशतकाने आकडे मिळाले.

त्याआधी १९७८ मध्ये हार्वी बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी काळाचा पैलू पुढे आणला होता. फार दूरच्या समूहांचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला अब्जावधी वर्षे लागतात, म्हणून ते आपल्याला जुन्या अवस्थेत दिसतात. सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वीच्या समूहांत निळ्या दीर्घिका आजच्यापेक्षा बऱ्याच जास्त असल्याचे त्यांना आढळले. समूहांतील आजच्या तांबूस दीर्घिका सगळ्या जन्मतःच तशा नव्हत्या, असा याचा अर्थ. संगतीच्या बाजूचा हा भक्कम पुरावा होता.

आटणारे तळे

झरे बुजण्याची कल्पनाही १९८० चीच. लार्सन, टिन्स्ले आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी मांडले की दीर्घिका समूहात शिरली की तिच्याभोवतीचा राखीव वायू हिरावला जातो. आतला वायू उडून जाण्याची गरज नाही. नवा आला नाही तरी हळूहळू तारेनिर्मिती थांबते. ही कल्पना पस्तीस वर्षे पुराव्याची वाट पाहत होती. २०१५ मध्ये यिंगजी पेंग, रॉबर्टो मायोलिनो आणि रेचल कॉक्रेन यांनी सुमारे २६ हजार दीर्घिकांच्या वर्णपटांवरून तो पुरावा दिला. झरा बंद झालेल्या तळ्यात पाणी घटत जाते आणि क्षार साठत जातात. त्याचप्रमाणे नवा, शुद्ध वायू न मिळालेल्या दीर्घिकेत ताऱ्यांनी बनवलेली जड मूलद्रव्ये साठतात. तारेनिर्मिती थांबलेल्या दीर्घिकांतील ताऱ्यांत अशी मूलद्रव्ये जास्त आढळली. यावरून बहुसंख्य दीर्घिकांचा अंत अचानक झाला नसून सुमारे चारशे कोटी वर्षे घेऊन झाला, असा निष्कर्ष निघाला.

फितरत की सोहबत?

मग वादाचा निकाल काय? २०१० मध्ये पेंग, सायमन लिली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोठ्या सर्वेक्षणांतील माहिती दोन अंगांनी मांडली : दीर्घिकेचे स्वतःचे वस्तुमान आणि तिच्याभोवतीची दाटी. दोन्हींचा परिणाम होतो आणि हे दोन परिणाम एकमेकांपासून वेगळे काढता येतात, असे त्यांना दिसले. जड दीर्घिका कोणत्याही शेजारात असो, तिच्यातली तारेनिर्मिती थांबण्याचा संभव जास्त. यामागे तिच्या केंद्रातील कृष्णविवराची ऊर्जा हे एक प्रमुख कारण मानले जाते. हलक्या दीर्घिकेचे भवितव्य मात्र मुख्यतः शेजारावर ठरते. दुबळ्यावर संगतीचा परिणाम अधिक होतो, हा वर्गातला अनुभव आकाशातही खरा ठरतो.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वस्तुमान आणि शेजार पूर्णपणे स्वतंत्र नाहीत. जड दीर्घिका मुळात तेथेच बनतात जेथे विश्वाच्या आरंभी पदार्थ अधिक होता, आणि तेथेच पुढे समूह होतात. म्हणजे ‘जन्म’ या शब्दातच शेजाराचा काही अंश आलेला असतो. जेम्स वेब दुर्बिणीने २०२२ नंतर विश्वाच्या पहिल्या दोनशे कोटी वर्षांतच तारेनिर्मिती थांबलेल्या काही जड दीर्घिका दाखवल्या आहेत. इतक्या लवकर असे का घडले, यावर संशोधन चालू आहे.

पुण्याचा वाटा

तळ्यातले पाणी मोजण्याचे काम रेडिओ दुर्बिणी करतात, कारण थंड हायड्रोजन २१ सेंटिमीटर तरंगलांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. २०२० मध्ये पुणे आणि बंगळूरु येथील संशोधकांनी या दुर्बिणीने सुमारे आठशे कोटी वर्षांपूर्वीच्या सात हजारांहून अधिक दीर्घिकांचे क्षीण संकेत एकत्र करून त्यांतील सरासरी हायड्रोजन मोजला. त्या काळी वायू पुष्कळ होता, परंतु तारेनिर्मितीचा वेगही इतका होता की बाहेरून नवा वायू न आल्यास तो साठा अवघी एक ते दोन अब्ज वर्षे पुरला असता. विश्वातील तारेनिर्मिती पुढे मंदावली, ती बाहेरची आवक अपुरी पडल्याने, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

२०१७ मध्ये पुण्यातीलच ‘आयुका’ आणि इतर संस्थांच्या संशोधकांनी मीन राशीच्या दिशेने, सुमारे चारशे कोटी प्रकाशवर्षांवर, दीर्घिकासमूहांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ हे नाव दिले. त्याचा विस्तार सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षे असून त्यात किमान ४३ समूह आहेत. शेजार ही कल्पना एका जोडीपासून सुरू झाली. आता तिची व्याप्ती अशा वस्त्यांपर्यंत पोहोचली आहे.

समारोप

या इतिहासाकडे पाहण्याच्या दोन अपुऱ्या पद्धती प्रचलित आहेत. एक पद्धत युरोप-अमेरिकेतील नावांपुरती थांबते. तिच्यात निजामिया वेधशाळेला स्थान नसते. दुसरी समाजातील नियतकालिकांत अधिक दिसते. ती सूफींच्या नोंदीपाशी सुरू होते आणि तेथेच संपते. हजार वर्षांपूर्वीचा गौरव सांगून झाला की पुढचे काम इतरांवर सोपवते. दोन्हींत नुकसान विद्यार्थ्यांचे होते. पहिलीमुळे त्यांना वाटते की हे ज्ञान परक्यांचे आहे. दुसरीमुळे वाटते की आपले जे होते ते होऊन गेले.

प्रत्यक्षात साखळी अखंड नसली तरी बरीच लांब आहे. सूफींनी डाग नोंदवला; झफरजंगांनी दुर्बीण आणली; उस्मानियाच्या अध्यापकांनी तारे मोजले; अलादीन यांनी अध्यापन करता करता टकरींचे गणित मांडले; खोडदच्या तबकड्या आज वायू मोजतात. यांतील कोणालाही संपूर्ण उत्तर मिळाले नाही. प्रत्येकाने पुढच्याला उपयोगी पडेल असा एक नेमका, तपासता येईल असा तुकडा दिला. महाविद्यालयात विज्ञानाचा इतिहास शिकवताना हा मुद्दा सूफींच्या नावाइतकाच ठळकपणे यायला हवा.

सूफींनी पाहिलेला ढग आजही डोळ्यांना दिसतो. तो आपल्याकडे सेकंदाला सुमारे ११० किलोमीटर वेगाने येत आहे. आकाशगंगा आणि देवयानी यांची टक्कर अटळ आहे, असे बराच काळ मानले जाई. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने इतर शेजारी दीर्घिकांची ओढ हिशोबात घेतली, तेव्हा पुढील हजार कोटी वर्षांत अशी टक्कर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास निघाली. दोघींचे भवितव्य केवळ दोघींच्या हातात नाही. तिसरा आणि चौथा शेजारीही मोजावा लागतो.